आधी हवा मोजा, मग इंधन द्या

पुणे-नाशिक रस्त्यानं खेडचा घाट चढून वर आलं, की पेठ लागतं. सातगाव पठाराचा हा भाग बटाट्यासाठी नावाजलेला. काढणीच्या दिवसांत भरलेल्या गाड्या इथून अवसरी घाट उतरून मंचरकडे जातात, नाहीतर खेड घाटानं पुण्याच्या बाजूला. चढाला लागलेली एखादी गाडी मागे काळ्या धुराचा लोट सोडते, तेव्हा बघणारा कौतुकानं म्हणतो, ‘गाडीत दम आहे!’ खरं म्हणजे तो दम नव्हे. अर्धवट जळलेल्या डिझेलची ती काजळी असते. म्हणजे पंपावर पैसे मोजून घेतलेलं इंधन काम न करताच हवेत गेलं.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर गणित इंधनापासून नाही, हवेपासून सुरू करावं लागतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. डिझेलचा हिशेबही जवळपास तसाच. चुलीत लाकडं कितीही कोंबली तरी वारा नसेल तर घरभर धूरच होतो, तसंच हे. इंजिनाची ताकद किती, हे शेवटी त्यात हवा किती जाते यावरच ठरतं.

पठारावर हवा थोडी विरळ असते. समुद्रसपाटीपेक्षा इथे हवेचा दाब सुमारे सात-आठ टक्क्यांनी कमी. त्यावरचा उपाय म्हणजे टर्बो. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं ताजी हवा दाबून इंजिनात भरायची. दाबलेली हवा तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून पुढे पाठवतात.

आता हवा किती गेली, हे गाडीच्या कॉम्प्युटरला कसं कळतं? बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरच्या पुढे एक छोटा सेन्सर असतो. त्याला एअर फ्लो सेन्सर म्हणतात. त्यात एक बारीक पातळ पट्टी विजेनं तापवलेली असते. बशीतल्या चहावर फुंकर घातली की तो निवतो, तशी वाहती हवा ही पट्टी निववते. ती ठरावीक गरम ठेवायला जितकी जास्त वीज लागेल, तितकी जास्त हवा गेली. मोठी सोय अशी, की हा सेन्सर हवेचं आकारमान नाही, वजन सांगतो. त्यामुळे गाडी मुंबईत असो की पेठच्या पठारावर, हिशेब चुकत नाही. (काही गाड्यांत असा सेन्सर नसतो. तिथे दाब आणि तापमान यांवरून हवेचं वजन काढतात.)

एक उदाहरण घेऊ. दोन लिटरचं इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय. दर दोन फेऱ्यांना ते दोन लिटर हवा ओढतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३ लिटर. पठारावर एक लिटर हवेचं वजन साधारण १.१ ग्रॅम. सिलिंडर पुरते भरत नाहीत हे धरलं, तर सेकंदाला ३३ ग्रॅमच्या आसपास हवा आत जाते. टर्बोनं जोर धरला की हाच आकडा ६० वर जाऊ शकतो. पूर्ण जोरात असलेल्या टर्बो पेट्रोल इंजिनाला बऱ्याचदा मुद्दाम जरा जास्त पेट्रोल देतात. बारा भाग हवेला एक भाग पेट्रोल, म्हणजे सेकंदाला ५ ग्रॅम. हे जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं.

इथेच खरी गोम आहे. सेन्सर हा बाजार समितीतल्या वजनकाट्यासारखा आहे. काटा खोटा असेल तर पुढचा सगळा हिशेब खोटा. समजा, पट्टीवर धूळ आणि तेलाचा थर बसला. ६० ग्रॅम हवा जाताना सेन्सर ५४ च सांगू लागला. कॉम्प्युटर साडेचार ग्रॅमच पेट्रोल देणार. मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, खटखट वाजू लागतं. असंच जोरात चालवलं तर पिस्टन जायला वेळ लागत नाही.

आता उलट बाजू पाहा. सेन्सर ठीक आहे, पण टर्बोच्या पुढचा होज पाइप फाटलाय किंवा क्लिप सैल आहे. मोजली ६० ग्रॅम, पोचली ५०. इंधन मात्र साठाच्या हिशेबानं आलं. परिणाम काळा धूर, कमी ॲव्हरेज आणि चढाला न ओढणारी गाडी. गाडी ओढत नाही म्हणून मालक म्हणतो, ‘डिझेल वाढवा.’ रोग हवेचा आणि औषध इंधनाचं, असा हा प्रकार होतो.

पेट्रोल आणि डिझेल यांतला एक फरक नीट लक्षात ठेवायला हवा. टर्बो पेट्रोल इंजिनाला जोरात असताना इंधन कमी पडलं तर ते तापतं. डिझेलचं उलट आहे. त्यात नेहमी गरजेपेक्षा जास्त हवा ठेवलेली असते. इंधन वाढवलं की धूर आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि टर्बो व पिस्टन यांना ती सोसावी लागते. म्हणून डिझेल गाडीचा कॉम्प्युटर हवेचा आकडा पाहून इंधनाला वरची मर्यादा घालतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक ‘पॉवर बॉक्स’ची युक्ती अशी, की इंधनाचा दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचं ते कॉम्प्युटरला भासवतात. कॉम्प्युटर बिचारा दाब वाढवतो आणि ही मर्यादा नकळत ओलांडली जाते.

मग नीट ट्यूनिंग कसं करायचं? पहिलं काम दुरुस्ती. एअर फिल्टर, होज, क्लिपा, इंटरकूलर तपासायचे. सेन्सरची पट्टी फडक्यानं पुसायची नाही, हवेच्या प्रेशरनंही मारायची नाही; त्यासाठीचा खास स्प्रे मिळतो. मग स्कॅनर लावून आकडे वाचायचे आणि वर केला तसा हिशेब मांडून ताडून पाहायचे. पेट्रोल गाडीत ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा फार बोलका असतो. सायलेन्सरमधल्या ऑक्सिजन सेन्सरनं सांगितल्यावरून कॉम्प्युटरनं इंधनात किती टक्के दुरुस्ती केली, ते तो दाखवतो. लोड वाढेल तशी दुरुस्ती अधिककडे वाढत गेली, तर संशय मळलेल्या सेन्सरवर. गाडी उभी असताना दुरुस्ती जास्त आणि वेग घेतल्यावर कमी, तर थ्रॉटलच्या पुढे कुठेतरी गळती. टर्बोचा जोर आला, की त्याच भोकातून हवा आत यायच्या ऐवजी बाहेर जाते, आणि पातळ मिश्रण एकदम दाट होतं.

हे सगळं ठीक असेल, तरच कॉम्प्युटरमधल्या तक्त्याला हात लावायचा. मोठा टर्बो किंवा रुंद पाइप बसवला, की सेन्सरचा जुना तक्ता लागू पडत नाही. तेव्हा गाडी रोलरवर चढवून मिश्रण मोजतात. मागितलं बारा आणि मिळालं साडेबारा, तर तक्त्यात त्या जागी हवेचा आकडा सुमारे चार टक्क्यांनी वाढवतात. एका वेळी थोडंच बदलायचं आणि पुन्हा मोजायचं. हे काम घाटातल्या रस्त्यावर करायचं नसतं. शिवाय नोंदणीत लिहिलेल्या रचनेशी न जुळणारे बदल करायला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची मनाई आहे, हेही ध्यानात असू द्यावं.

पेठ ज्या रस्त्यावर आहे, त्याच्या एका टोकाला चाकण-पिंपरीचे गाड्यांचे कारखाने आहेत. दुसऱ्या टोकाला नाशिकमध्ये बॉश, म्हणजे पूर्वीची मायको, डिझेल इंजेक्टर बनवते. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था वाहनांच्या चाचण्या घेते. तिथले अभियंते महिनोन् महिने हेच करत असतात: हवा मोजायची, इंधन ठरवायचं, पुन्हा मोजायचं. त्या कामाची जागा कानानं आवाज ऐकून किंवा धूर बघून केलेला अंदाज घेऊ शकत नाही.

तेव्हा गाडी गॅरेजला गेली, की मेकॅनिकला एवढंच विचारा, ‘दादा, हवेचा आकडा आधी किती होता, आता किती आहे?’ जो आकडे दाखवेल, त्याच्या हाती गाडी सोपवायला हरकत नाही. जो नुसतंच ‘डिझेल वाढवून देतो’ म्हणेल, त्याला नम्रपणे नकार द्या. तुमचं इंजिन टिकेल, आणि चढाला तुमच्या मागून दुचाकीवर पोराला शाळेत घेऊन येणाऱ्याला काजळी गिळावी लागणार नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)