बॉम्बे हायवर 'कोण राहतं?'

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावहून समुद्र रेल्वेने ७०० किलोमीटरहून लांब. त्यामुळे तेलउत्खननाचा विषय निघाला की इथं एक वाक्य ठरलेलं : 'आसामात, नायजेरियात गावाशेजारी विहिरी खोदल्या, आपलं तेल तर भर समुद्रात निघतं. तिथं कोण राहतं?' बॉम्बे हाय किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे, हे खरं. १९७४ मध्ये तिथं तेल सापडलं, १९७६ पासून निघू लागलं. पण घर नाही म्हणजे हक्क नाही, हे वर्धा नदीत जाळं टाकणारा ढिवर मच्छीमारही मान्य करणार नाही. समुद्राला सातबारा नसतो. कोळ्यांचा हक्क पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीचा. 'तेल काढणाऱ्या फलाटांभोवती उलट मासे वाढतात' असंही ऐकवलं जातं. मासे जमतात खरे, पण फलाटाभोवतीच्या ५०० मीटरांच्या सुरक्षा क्षेत्रात बोटींना मज्जाव असतो. मग ते वाढलेले मासे धरायचे कुणी?

शिवाय तेल काढण्याआधी शोधावं लागतं. सर्वेक्षणाचं जहाज पाण्यात दाबलेली हवा सोडून मोठे आवाज करत, मागे कित्येक किलोमीटरच्या केबली ओढत फिरतं; त्याच्या वाटेतून बोटी आणि जाळी हटवावी लागतात. त्यालाही शांत समुद्र लागतो, म्हणजे गाठ पडते ती मासेमारीच्या ऐन हंगामात. 'आवाजानं कुठं मासे मरतात?' मरायची गरजच नाही, पळाले तरी पुरे. नॉर्वेच्या संशोधकांनी बॅरेंट्स समुद्रात हे मोजलं. १९९६ च्या त्या अभ्यासात कॉड आणि हॅडॉकची ट्रॉलरवरची पकड सरासरी निम्म्यावर आली, घट १८ सागरी मैलांपर्यंत दिसली आणि पुढच्या पाच दिवसांतही भरून निघाली नाही. तो समुद्र थंड, मासे वेगळे; ते आकडे पापलेट-बोंबलाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उपाय इथं मोजणं हा आहे. न मोजताच नुकसान शून्य धरणं हे कुठलं विज्ञान?

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'सगळे कोळी आदिवासीच' : नाही, महादेव आणि मल्हार कोळी अनुसूचित जमातींत आहेत, किनाऱ्यावरचे सोनकोळी नाहीत. 'विहिरीची आग दोन दिवसांत विझते' : आसामात बागजानची विहीर मे २०२० मध्ये फुटली, जूनमध्ये पेटली आणि नोव्हेंबरात आटोक्यात आली; शेजारी मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जागा होती. 'भरपाई मागणारे तेलविरोधी' : नॉर्वे स्वतः समुद्रातून तेल काढतो आणि त्याच्या पेट्रोलियम कायद्यात मच्छीमारांच्या भरपाईचं स्वतंत्र प्रकरण आहे.