बॅकस्ट्रोक, बीड आणि बारमाही पाणी

२०२५च्या जूनमध्ये कर्स्टी कॉव्हेंट्री यांनी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अध्यक्षपद हाती घेतलं. पहिल्या महिला अध्यक्ष, आफ्रिकेतून आलेल्या पहिल्या अध्यक्ष, अशा बातम्या सगळीकडे झळकल्या. मला मात्र तिसरीच गोष्ट मोलाची वाटली. बाई बॅकस्ट्रोकच्या! २००४ला अथेन्स आणि २००८ला बीजिंग, दोन्हीकडे २०० मीटर बॅकस्ट्रोकचं सुवर्णपदक त्यांचंच. झिम्बाब्वेच्या खात्यावर आजवर आठ ऑलिंपिक पदकं आहेत, त्यांपैकी सात या एकटीने पोहून मिळवलेली. आणि झिम्बाब्वेला समुद्रकिनारा नाही.

‘बीडला समुद्र नाही, बारमाही नदी नाही, इथे कसला जलतरणपटू घडणार?’ हे मी तरुणपणापासून ऐकत आलो. पुण्या-मुंबईच्या जाणकारांकडून ऐकलं आणि आपल्याच जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांकडूनही ऐकलं. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे : बॅकस्ट्रोक बीडच्या पोरांच्या अंगात आहे. नाही ते वर्षाचे बारा महिने पोहण्याजोगं पाणी.

बॅकस्ट्रोकचा इतिहास ज्यांना हवा आहे त्यांनी चार नावं ध्यानात ठेवली तरी पुरे. १९१२मध्ये अमेरिकेच्या हॅरी हेबनरने दोन्ही हात एकदम मागे टाकण्याऐवजी एकाआड एक टाकले, आणि आजची पद्धत रुळली. १९३२च्या लॉस एंजेलिसमध्ये १०० मीटरची तिन्ही पदकं जपानच्या मुलांनी नेली. १९८८च्या सोलमध्ये अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ आणि जपानचा दाइची सुझुकी यांनी पाण्याखालून डॉल्फिनसारखे पाय मारत बरंच अंतर कापलं. सुवर्ण सुझुकीला मिळालं, पण पुढे नियम बदलला. आता सुरुवातीला आणि प्रत्येक वळणानंतर १५ मीटरच्या आत डोकं वर यावंच लागतं. त्याच सोलमध्ये हंगेरीच्या १४ वर्षांच्या क्रिस्तिना एगरसेगीने २०० मीटर जिंकली, आणि पुढच्या दोन्ही ऑलिंपिकमध्येही तीच जिंकत राहिली.

चौकडीबाहेरचं एक नाव मला सर्वांत जवळचं आहे : ॲडॉल्फ कीफर. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचा हा विजेता दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलात गेला आणि खलाशांना पोहायला शिकवू लागला. त्याचा भर होता पाठीवरच्या पोहण्यावर. बुडत्या माणसाला पहिल्यांदा हवा लागते, वेग नंतर. तोंड आभाळाकडे असलं की श्वास आपोआप मिळतो. शर्यतीचा राजा असलेल्या माणसाने शर्यतीपलीकडचा हा उपयोग ओळखला, म्हणून मी त्याला गुरुस्थानी मानतो.

भारताच्या बॅकस्ट्रोकची गोष्ट त्यामानाने तोकडी. १९५१च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच स्पर्धेत तीन गुणिले १०० मीटर मेडले रिलेचं कांस्यही आपल्याला मिळालं होतं : कांती शाह, जहांगीर नायगमवाला आणि सचिन नाग. मेडले रिलेत पहिला टप्पा बॅकस्ट्रोकचाच असतो, पहिल्या माणसाने मागे पडू दिलं की पुढचे सगळे भरपाई करत बसतात. तरी आठवण फक्त शेवटच्याची राहते. त्यानंतरची काही दशकं बॅकस्ट्रोकच्या दृष्टीने कोरडीच, ती ओलांडून थेट बंगळूरला यावं लागतं.

श्रीहरी नटराज २००१चा, बंगळूरचा. २०२१च्या जूनमध्ये रोमला त्याने १०० मीटर बॅकस्ट्रोक ५३.७७ सेकंदांत पोहून टोकियो ऑलिंपिकची ‘अ’ पात्रता गाठली. कसोटीची वेळ होती ५३.८५. टोकियोत तो ५४.३१मध्ये आला, २७वा. आपल्याकडे तेवढ्यावरून त्याला अपयशी ठरवणारे निघाले. शंभर मीटरला आठ शतांश सेकंदांच्या फटीतून आत शिरणं काय असतं, हे त्यांनी एकदा पाण्यात उतरून पाहावं. पुढच्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ५० आणि १०० मीटर बॅकस्ट्रोकच्या अंतिम फेरीत होता. मुलींमध्ये अहमदाबादची माना पटेल टोकियोत याच प्रकारात उतरली. महाराष्ट्रातून रिषभ दास, पलक जोशी ही नावं राष्ट्रीय निकालांत दिसतात आणि मन हरखतं.

पण महाराष्ट्राने एक गोष्ट मनाला लावून घ्यायला हवी. कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ वर्षांचा असताना बीजिंग ऑलिंपिकला पोहला, २०१०मध्ये ग्वांगझूला ५० मीटर बटरफ्लायचं कांस्य घेऊन आला. खजानसिंग यांच्या १९८६च्या रौप्यानंतर २४ वर्षांनी जलतरणात भारताला आशियाई पदक मिळालं. तो घडला कुठे? बंगळूरला, निहार अमीन यांच्या हाताखाली. श्रीहरीही त्यांचाच. पंचगंगेच्या काठचा मुलगा घडायला शेजारच्या राज्यात जातो, तर बीडच्या बिंदुसरेच्या काठच्याने कुठे जायचं?

अपंगांच्या जलतरणात महाराष्ट्राने जे केलं आहे त्याचं कौतुक करताना मला हात आखडता घेता येत नाही. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९७२ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण घेऊन आले, आणि पद्मश्री मिळाली २०१८ला! करमाळ्याचा सुयश जाधव, विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावलेला, २०१८ला जकार्ताच्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण आणि २०० मीटर मेडलेचं कांस्य जिंकला. अमरावतीच्या कांचनमाला पांडे या दृष्टिहीन जलतरणपटूने २०१७ला मेक्सिकोत जागतिक स्पर्धेत २०० मीटर मेडलेचं सुवर्ण मिळवलं. मेडले म्हणजे चारही प्रकार, त्यातला दुसरा बॅकस्ट्रोक. या प्रकारात डोळस जलतरणपटूलाही भिंत दिसत नसते. भिंतीच्या पाच मीटर अलीकडे पाण्यावर बांधलेल्या पताका नजरेखालून गेल्या की हात मोजायचे आणि त्या हिशेबावर विश्वास टाकून वळायचं. कांचनमालाला त्या पताकाही दिसत नाहीत. तिच्या शर्यतीचं मोल त्यावरून समजावं.

आता आमच्या जिल्ह्याकडे येतो.

बीडमध्ये पाणी नाही असं म्हणणाऱ्यांनी निजामशाहीतली खजाना बावडी पाहावी, पाण्यात उभं असलेलं कंकालेश्वराचं मंदिर पाहावं. आमच्या पिढीला पोहणं विहिरीने शिकवलं. पाठीला वाळका भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधायचा आणि थारोळ्यावरून ढकलून द्यायचं. आठ-दहा दिवसांत भोपळा सुटे. मग मुटके, सूर, बुडी मारून तळाची माती वर आणणं. पण खरा पोहणारा तो, जो दमल्यावर काठाला न येता उताणा पडून राही. कान पाण्यात, पोट वर, हात पसरलेले, श्वास संथ. घरातली वडीलधारी माणसं सूर मारणाऱ्याचं कौतुक करायची नाहीत, उताणं पडता येतंय का एवढंच विचारायची. ते आलं की पोराला एकट्याने विहिरीवर जायची मोकळीक मिळे.

या उताण्या पडण्यात बॅकस्ट्रोकचा अर्धा पाया आहे, हे मी प्रशिक्षकांच्या शिबिरांत वर्षानुवर्षं मांडत आलो. बॅकस्ट्रोकमध्ये नवख्याचं सगळं बिघडतं ते डोकं उचलल्यामुळे. डोकं उचललं की कंबर बुडते, कंबर बुडली की पाय बुडतात, मग हात कितीही जोराने मारा, माणूस जागच्या जागी. विहिरीत शिकलेल्या पोराची कंबर बुडत नाही, कारण त्याने भीती आधी सोडलेली असते. त्याला शिकवायचं राहतं ते पुढचं : करंगळी आधी पाण्यात घालणं, खांद्यासोबत अंग वळवणं, गुडघा पाण्याबाहेर न येऊ देता पाय मारणं. हे सांगितलं की शहरातले काही प्रशिक्षक म्हणत, आधी फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक मागाहून. मी त्यांच्याशी तेव्हा भांडलो, आजही भांडतो. पाठीवर तरंगता न येणाऱ्या मुलाला फ्रीस्टाइल शिकवणं म्हणजे पाया न भरता भिंत उभी करणं आहे.

शालेय स्पर्धांतही बॅकस्ट्रोक हा उरलासुरला प्रकार. फ्रीस्टाइलला मुलांची गर्दी, बॅकस्ट्रोकला एक-दोन नावं, जो पूर्ण करील तो विभागीय स्पर्धेला. तलावावर पताका बांधलेल्या नसत. एका दोरीचा आणि चार रंगीत फडक्यांचा खर्च, पण तो कुणाला सुचत नसे. पोरं भिंतीवर डोकी आपटून घेत आणि पुढच्या वर्षी नाव देत नसत. गुण असूनही अशी किती पोरं या प्रकारातून गेली, याचं दुःख मला अजून आहे.

आता तर विहिरीच राहिल्या नाहीत. काही आटल्या, काही बुजल्या, उरलेल्यांवर जाळ्या पडल्या. बोअर खोल गेले, आणि बोअरमध्ये कुणी पोहत नाही. त्यांच्या जागी आली शेततळी. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या त्या उतारावर पाय ठरत नाही, हाताला धरायला काही नाही. उन्हाळ्यात कुठल्या ना कुठल्या गावातून शेततळ्यात मूल बुडाल्याची बातमी येते, आणि ती वाचताना माझ्या मनात कीफरच येतो. त्या मुलाला उताणं पडता आलं असतं तर हाक मारायला, दोर टाकायला वेळ मिळाला असता. ऊसतोडीला आईबाप गेले की मागे राहिलेल्या पोरांना पोहायला शिकवणारा घरात कुणी उरत नाही, हेही यातलंच.

तलावाची मागणी केली की उत्तर ठरलेलं : दुष्काळी जिल्ह्याला ही चैन परवडत नाही. हिशेब मांडू. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावात सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी मावतं, आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरलं जातं. एक हेक्टर पाटपाण्याच्या उसाला वर्षाला सुमारे दोन कोटी लिटर पाणी लागतं. तेवढ्यात हा तलाव चाळीसहून अधिक वेळा भरेल. उन्हाने उडणारं आणि फिल्टर धुण्यात जाणारं पाणी धरलं तरी ऊस पोसणाऱ्या जिल्ह्याने तलावाला चैन म्हणू नये. दुष्काळात पहिली कुऱ्हाड तलावावर पडते, कारण तिथे मतं नसतात.

आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सहा किलोमीटरवरच्या शाळेत ये-जा करत मोठा झाला, सैन्यात गेला, आणि २०२४ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत धावला. त्याच्यामुळे सगळे म्हणू लागले की बीडच्या मातीत दम आहे. दम आहेच. पण धावणाऱ्याला पायाखालची वाट बारमाही मिळते. पोहणाऱ्याला ती कुणीतरी बांधून द्यावी लागते. रोज दोन वेळा, वर्षभर, आठ-दहा वर्षं पाण्यात राहिल्याशिवाय बॅकस्ट्रोकची कारकीर्द उभी राहत नाही. उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या शिबिरातून प्रमाणपत्रं मिळतात, जलतरणपटू नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. बीड, अंबाजोगाई किंवा माजलगाव, कुठेही चालेल, पण जिल्ह्यात एक झाकलेला २५ मीटरचा तलाव बारा महिने चालवा. त्यावर पताका बांधा. तिसरीच्या प्रत्येक मुलामुलीला आधी पाठीवर तरंगायला शिकवा. त्यातली बहुतेक कधी शर्यत पोहणार नाहीत, पण बुडणारही नाहीत. आणि जी दोन-चार शर्यतीला उभी राहतील, त्यांच्यासाठी बंगळूरचं तिकीट काढण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.