‘नोंद घेण्यात आली’

प्रशासनात साडेतीन दशके काढल्यावर काही शब्दांची धास्ती वाटू लागते. ‘नोंद घेण्यात आली’ हे त्यांपैकी एक. बैठकीच्या इतिवृत्तात एखाद्या मुद्द्यापुढे हे शब्द आले, की तो मुद्दा तिथेच संपला असे खुशाल समजावे. असे शेरे मी स्वतः पुष्कळ लिहिले आहेत; तेव्हा हे तक्रारीच्या नव्हे, कबुलीच्या सुरात सांगतो आहे.

गेल्या वर्षी पूर्व भारतातील एका विमानतळाने अपंग प्रवाशांच्या सोयींबाबत सल्ला देण्यासाठी एक लहानसा गट बोलावला. निवृत्त अधिकारी म्हणून मलाही त्यात घेतले गेले. गटात एक अंध प्राध्यापिका होत्या, व्हीलचेअर वापरणारे एक वकील होते, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासह आलेला एक कर्णबधिर तरुण होता आणि एका स्वमग्न मुलाची आई होती. इमारत फार जुनी नव्हती. रॅम्प होता, लिफ्टच्या बटणांवर ब्रेल लिपी होती, स्वच्छतागृहावर निळे चिन्ह होते. ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झालेल्या सुगम्य भारत अभियानात विमानतळांची सुगम्यता प्रामुख्याने याच गोष्टींवरून मोजली गेली. कागदावर हा विमानतळ उत्तीर्ण होता.

आम्ही चालू लागलो. निळे चिन्ह असलेल्या स्वच्छतागृहात सफाईच्या बादल्या ठेवलेल्या होत्या. त्या हलवल्यावर वकील आत गेले, तर दार आतल्या बाजूला उघडणारे असल्याने खुर्ची आत असताना ते लावताच येईना. अंध व्यक्तींसाठी जमिनीवर बसवलेल्या उंचवट्याच्या फरशा प्रवेशद्वारापासून नीट येत होत्या आणि सुरक्षा तपासणीच्या रांगेचे पट्टे जिथे सुरू होत, तिथे अचानक संपत होत्या. ‘इथून पुढे माझे काय करायचे, असे तुमच्या नकाशात लिहिले होते?’ असे प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे विचारले. सोबतच्या अभियंत्यांनी दार बदलायचे तर स्वतंत्र निविदा काढावी लागेल, असे सांगितले. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. नकाशावर पेन्सिलीने जे क्षणात झाले असते, त्याला आता अंदाजपत्रक, मंजुरी आणि तोडफोड हवी होती.

खरा वाद पुढेच होता. देशातील अनेक मोठ्या विमानतळांप्रमाणे येथेही ध्वनिक्षेपकावरच्या घोषणा जवळपास बंद करण्याचा विचार चालू होता. स्वमग्न मुलाच्या आईला तो वरदान वाटला. कर्णबधिर तरुणाला त्याने फरक पडत नव्हता. पडद्यावरची माहिती वेळेवर बदलावी, एवढेच त्याचे मागणे होते. प्राध्यापिकाबाई मात्र अस्वस्थ झाल्या, कारण ऐन वेळी गेट बदलले तर त्यांना ते कळणार कसे? तासभर बोलणे झाल्यावर तोडगा निघाला तो त्यांच्यातूनच. चेक-इनच्या वेळी ज्यांनी मदत मागितली असेल, त्यांना असा बदल कर्मचाऱ्याने जागेवर जाऊन सांगावा आणि फोनवर संदेशही यावा. जिल्हाधिकारी असताना मी अशा बैठकांना ‘अपंगांचा एक प्रतिनिधी’ बोलावत असे आणि सर्वांचे मत घेतल्याच्या समाधानात चहा पीत असे. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २१ प्रकारचे अपंगत्व मानतो. त्यांतल्या एकाने इतर वीस जणांचे काय सांगावे?

विमानतळाला सल्ला देणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण असते. आपल्याकडे व्हीलचेअर पुरवणे हे मुख्यतः विमान कंपनीचे काम, इमारत विमानतळाची आणि तपासणी सुरक्षा दलाची. युरोपीय संघाने २००६ च्या नियमाने ही मदत विमानतळ व्यवस्थापनावर सोपवली. आपण तसे केले नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर ऐंशीच्या घरातील एक प्रवासी पत्नीच्या व्हीलचेअरसोबत चालत जाताना कोसळले आणि दगावले. नोंदणी दोन खुर्च्यांची होती, मिळाली एकच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला ३० लाख रुपये दंड केला. असा दंड कंपनीपुरता असतो. विमानातून उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंतच्या अख्ख्या वाटेचा जबाबदार कोण, हे त्यातून ठरत नाही.

सल्ल्याचे पुढे काय होते, याचा पुरावा न्यायालयाच्या दप्तरातही आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघाल्या असताना त्यांना विमानातून उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये त्यांना दहा लाख रुपये भरपाई देवविली. त्याच निकालात एक कमी चर्चिलेली गोष्ट आहे. मंत्रालयाने संयुक्त सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. २०१४ च्या सुधारित नियमावलीत तिच्या शिफारशींपैकी काही उतरल्याच नाहीत, आणि त्या कोणत्या हे याचिकाकर्त्यांना न्यायालयापुढे मांडावे लागले. कोणी, कोणत्या टिपणीवर, का वगळल्या? संचिकेत उत्तर असेलही, पण ते सल्ला देणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. अधिनियम सुगम्यता बंधनकारक करतो, पण त्याखालचा २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियम केवळ मार्गदर्शक स्वरूपाचा आहे, म्हणून तो अधिनियमाशी विसंगत ठरवून बंधनकारक नियम करण्यासाठी केंद्राला तीन महिने दिले. कायद्याची अवस्थाच सल्ल्यासारखी झाली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणा आठवतात. सभासदांना ठराव मांडता येत, पूरक प्रश्न विचारता येत. पण ते ठराव सरकारवर बंधनकारक नसत. गोखल्यांसारख्या माणसाचे प्राथमिक शिक्षणाचे विधेयकही त्या सभागृहात फेटाळले गेले. तरी एक गोष्ट तिथे होती. सरकारला उभे राहून उत्तर द्यावे लागे.

आमच्या गटाने तेवढेच मागितले. प्रत्येक सूचनेला ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे. सूचना नाकारली तर कारण द्यावे, आणि ते सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह. ब्रिटनचे नागरी उड्डाण प्राधिकरण विमानतळांची सुगम्यतेनुसार दरवर्षी जाहीर श्रेणी लावते आणि तीत अपंगांच्या संघटनांशी केलेला विचारविनिमयही मोजते. २०१७ मध्ये हीथ्रोलाही ‘निकृष्ट’ असा शेरा मिळाला होता. आपल्या महासंचालनालयाला असे करण्यास कोणता कायदा आडवा येतो, ते मला दिसत नाही.

विमानतळाच्या विस्ताराचे काम लवकरच निघणार आहे आणि त्याचे आराखडे अद्याप अंतिम झालेले नाहीत. पुढच्या बैठकीत ते टेबलावर ठेवण्याचे मान्य झाले आहे. प्राध्यापिकाबाईंनी आपली प्रत बोटांनी वाचता येईल अशा उठावाच्या रेषांत मागितली आहे. तसा नकाशा कुठे तयार होतो, याची अभियंते चौकशी करीत आहेत.