उरलेले कोठे जाते?

पंचगंगेकाठच्या या कसबा बावड्यात पाणी शुद्ध कसे होते हे सांगावयाचे, तर ते नासते कसे हेही सांगितले पाहिजे. आम्ही कामगार संघटनेची माणसे. शास्त्र शिकलो ते कारखान्यांच्या फाटकाशी.

मनुका पाण्यात टाकली की फुगते. तिची साल पाण्याला आत घेते, साखरेला सहजासहजी बाहेर सोडीत नाही. निवड करणारा असा पडदा, हेच सारे मर्म. पाणी आपण होऊन पातळाकडून दाटाकडे जाते. दाटाच्या बाजूने जोराचा दाब दिला, की ते उलटे फिरते आणि मीठ मागे राहते. १९६०च्या सुमारास अमेरिकेत लोएब आणि भारतातून गेलेले सौरीराजन यांनी या कामाचा पडदा बनविला. त्याआधी, १९४३ साली, हॉलंडात कोल्फ यांनी सेलोफेनच्या नळीतून रोग्याचे रक्त फिरविले. मूत्रपिंडाने गाळावयाचे विष पडद्यातून बाहेर गेले, रक्तपेशी आत राहिल्या.

मात्र पडदा घाण नाहीशी करीत नाही, वेगळी करतो. घरातल्या शुद्धीकरण यंत्राची दुसरी नळी पाहा. मळीपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे काळे पाणी पडद्यावर घेतले, तर एकीकडे वापरण्याजोगे पाणी मिळते, दुसरीकडे अधिकच दाट काळा द्रव उरतो. तो प्रेसमडमध्ये मिसळून खत होते, बॉयलरमध्ये जाळताही येतो. आणि अंधारात ओढ्यात सोडला, तर नदीतले मासे मरतात.

म्हणून कोणी स्वच्छ पाण्याचा पेला दाखविला, तर आम्ही दोनच प्रश्न विचारतो : उरलेले कोठे जाते? आणि ते उपसणाऱ्याच्या हातांत मोजे आहेत काय?