उंबरठ्यावरची गर्दी

मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात एक आदेश निघाला. पाण्याच्या टाक्यांच्या परिसरात पाचांपेक्षा जास्त माणसांनी जमायचे नाही. कलम १४४ लागू. मांजरा धरण आटले होते, टँकर भरण्याच्या जागी हमरीतुमरी होत होती, आणि एरवी दंगलीच्या वेळी निघणारे कलम घागरींच्या रांगेला लावावे लागले. बातमी देशभर गाजली. माझे लक्ष मात्र त्यातल्या आकड्यावर खिळले. पाचच का? कायद्याचे उत्तर सरळ आहे : आपल्या जुन्या दंडसंहितेत बेकायदा जमावाची व्याख्याच पाच माणसांपासून सुरू होत असे. पण भौतिकशास्त्राला विचारले तर?

माणसांच्या समूहाला भौतिकशास्त्राच्या नजरेने पाहण्याची हौस जुनी आहे. बेल्जियमच्या केटले याने १८३५ मध्येच आपल्या ग्रंथाला ‘सामाजिक भौतिकी’ हे उपनाम दिले होते. त्यामागची आशा समजण्यासारखी आहे. डब्यातल्या वायूचा एकेक रेणू कुठे जाईल हे सांगता येत नाही, तरी डब्यावरचा दाब अचूक सांगता येतो. मग एकेका माणसाच्या मनात काय चालले आहे हे न कळताही गर्दीविषयी काही सांगता येईल का?

या प्रश्नाचे मला सर्वात पटलेले उत्तर एका समाजशास्त्रज्ञाचे आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये मांडले की गर्दीतल्या प्रत्येकाचा एक उंबरठा असतो : आधी किती जण पुढे सरसावले म्हणजे मी सरसावेन? कुणाचा शून्य, तो कुणाची वाट पाहत नाही. कुणाचा पन्नास. टाकीपाशी शंभर माणसे उभी आहेत आणि त्यांचे उंबरठे शून्य, एक, दोन, तीन असे नव्याण्णवपर्यंत आहेत, असे समजू. शून्यवाला रांग मोडतो. त्याला पाहून एकवाला, त्या दोघांना पाहून दोनवाला. बघता बघता शंभरही जण टाकीवर तुटून पडतात. आता फक्त एक बदल करा. ज्याचा उंबरठा एक होता त्याचा दोन करा. शून्यवाला रांग मोडतो, आणि पुढे काहीच होत नाही. एक जण ओरडला, बाकीचे नव्याण्णव जागेवर. दोन्ही गर्द्यांच्या उंबरठ्यांची सरासरी काढली तर पहिलीत ४९.५० आणि दुसरीत ४९.५१ येते. माणसे जवळजवळ तीच. पण दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पहिली गर्दी ‘बेभान’ ठरेल आणि दुसरी ‘संयमी’. लोकांच्या स्वभावावर आपण जे अग्रलेख लिहितो, त्यातले कितीतरी या ०.०१ वर उभे असतात.

भौतिकशास्त्रज्ञांनी ही कल्पना लगेच ओळखली, कारण लोहचुंबकाचे गणित असेच आहे. शेजारचे अणू ज्या दिशेला तोंड करतील त्या दिशेला वळण्याचा प्रत्येकाचा कल, आणि एका ठरावीक तापमानाला सगळा तुकडा एकाएकी चुंबक होतो.

पाचाच्या आदेशाचे मर्मही इथे सापडते. शंभरांचे पाच-पाचांचे वीस घोळके केले, तर शून्यवाला एकाच घोळक्यात असणार, आणि एकवाला नेमका त्याच्याजवळ नसेल तर ठिणगी तिथेच विझणार. आदेशाने माणसांचे उंबरठे बदलत नाहीत. फक्त कोण कुणाला पाहतो हे बदलते. तहान तर अजिबात बदलत नाही. बायकांनी यावर केव्हाच तोडगा काढलेला आहे : रांगेत घागर ठेवायची आणि आपण सावलीला बसायचे. घागरीला उंबरठा नसतो.

कोण कुणाला पाहतो, कोण कुणाशी जोडलेला आहे, हाच जाळ्यांच्या शास्त्राचा विषय. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९८ मध्ये दाखवले की शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या जाळ्यात थोडे लांबचे धागे घातले की सगळे जग एकदम जवळ येते. २००३ मध्ये कोलकात्याच्या भौतिकशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वे याच पद्धतीने तपासली. एकच गाडी ज्या दोन स्थानकांवर थांबते ती जोडलेली, असे धरले तर कुठल्याही दोन स्थानकांमधले सरासरी अंतर दोनाहून थोडेसेच अधिक भरते. म्हणजे साधारण एकदा गाडी बदलली की झाले. पूर्णा किंवा परभणीच्या फलाटावर रात्र काढलेला नांदेडकर यावर हसेल. त्या हिशेबात वाट पाहणे धरलेले नाही.

पण लांबचा धागा काय करतो हे लातूरने पाहिले. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून दहा वाघिणींमधून पाच लाख लिटर पाणी आले. पुढे पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेत पंचवीस लाख लिटर आणू लागली. सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा हा मार्ग एके काळी बार्शी लाइट रेल्वेचा, अरुंद रुळांचा. या शतकात तो रुंद झाला नसता, तर कृष्णेचे पाणी त्या वाघिणींतून लातूरला येऊच शकले नसते.

इथवर हे शास्त्र गोड वाटते. त्याची खरी कसोटी नांदेड जिल्ह्यात आहे. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडाभर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ग्रॅनोव्हेटरचा निबंध त्याच वर्षीचा. ठिणगी गावोगाव कशी पसरली, हे त्या गणितात बसवता येईलही.

तरी मला ते पुरत नाही. गणितात उंबरठे चिठ्ठ्या टाकून वाटावेत तसे वाटलेले असतात. गावात ते तसे नसतात. शून्य उंबरठ्याचा माणूस बहुधा असा असतो ज्याला पोलीस हात लावणार नाहीत अशी खात्री असते; आणि त्याच्यामागे जाणाऱ्यांत त्याच्या शेतावर राबणाराही असतो, ज्याला ‘नाही’ म्हणण्याची किंमत माहीत असते. हा अनुकरणाचा धागा नव्हे, मिंधेपणाचा आहे, आणि नकाशावर दोन्ही धागे सारखेच दिसतात. शिवाय कोण सामील झाला एवढेच हे गणित मोजते. गर्दी कुणाच्या दारात गेली, याला त्यात जागाच नाही. वस्ती गावकुसाबाहेर एका कडेला आहे, तिचे गावाशी धागे मोजके आहेत आणि तेही मजुरीचे, पाण्याचे, उसनवारीचे. बहिष्कार पडला की नेमके तेच तुटतात.

म्हणून नांदेड-लातूरच्या एखाद्या तरुण अभ्यासकाने हे काम हाती घेतले, तर त्याने संगणकाआधी गावात जावे असे मला वाटते. प्रत्येक घरासाठी तीनच प्रश्न विचारावेत : पाणी कुणाकडून आणता, उसने कुणाकडून घेता, आणि रात्री-अपरात्री कुणाचे दार वाजवता. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात किती धागे वस्तीची कड ओलांडतात, ते आधी मोजावे.