वर्षाचं भाडं ८८ सेंट

दक्षिण जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात फुगराय नावाची वसाहत आहे. पिवळ्या भिंतींची दुमजली घरं, सरळ गल्ल्या, भोवती कोट. इथल्या घराचं मूळ भाडं वर्षाला ८८ सेंट, म्हणजे आपले शंभरएक रुपये. हीटिंगचा खर्च वेगळा.

ही वसाहत उभारणारा याकोब फुगर हा सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा युरोपातला सर्वात मोठा सावकार. १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सला सम्राटपद मिळालं ते मुख्यतः त्याच्या कर्जावर. १५०५ मध्ये पोर्तुगीजांचं जे आरमार हिंदुस्थानाकडे निघालं आणि ज्यानं गोव्याजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधला, त्यातही त्याचा पैसा होता. १५२१ मध्ये त्यानं गरजूंसाठी ही वसाहत कायमची दान केली. भाडं ठरलं वर्षाला एक ऱ्हाइनिश गुल्डन, साधारण कारागिराची आठवड्याची मजुरी. ते पुढे वाढवलंच गेलं नाही. नाणी बदलत गेली आणि त्या गुल्डनचे ८८ सेंट झाले.

अटी मात्र कायम आहेत. राहणारा आउग्सबुर्गचा, कॅथलिक आणि गरजू हवा. शिवाय फुगर घराण्यासाठी रोज तीन प्रार्थना म्हणायच्या: ‘आमच्या बापा’, ‘नमो मरिये’ आणि विश्वासांगीकार. वसईतल्या कॅथलिक घरांत म्हणतात त्याच या. चर्चशी फुगरचं नातं पैशाचंही होतं. पापक्षमेची पत्रं विकून जमलेला पैसा फुगरच्याच पेढीतून रोमला जात होता, आणि त्याच व्यवहाराविरुद्ध मार्टिन ल्यूथर उभा राहिला. १५१८ मध्ये ल्यूथरची जबानी घेतली गेली तीही आउग्सबुर्गमधल्या फुगरवाड्यात. सावकाराला आपल्या आत्म्याची काळजी होती, हे उघड आहे. पण त्या काळजीतून शेकडो कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आलं आणि मला ते मोलाचं वाटतं.

इथल्या दारांवरच्या घंटीच्या लोखंडी ओढण्या आवर्जून पाहाव्यात. कुठे तिपानी, कुठे पाइनचं फळ. प्रत्येक ओढणीचा आकार निराळा. रस्त्यावर दिवे नव्हते तेव्हा माणसं अंधारात हातानं चाचपून आपलं दार ओळखत. मोझार्टचे पणजोबा फ्रान्झ गवंडीकाम करत. गरिबी आल्यावर तेही इथेच राहिले. रात्री दहाला वेशी आजही बंद होतात आणि उशिरा येणारा पहारेकऱ्याला थोडे पैसे देऊन आत शिरतो.

फेब्रुवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात वसाहतीचा बराचसा भाग जमीनदोस्त झाला. ती पुन्हा उभारायची, हे विश्वस्तांनी काही दिवसांतच ठरवलं. भाड्यातून तर डागडुजीही होणार नाही. त्यासाठी न्यासाची जंगलं आहेत. व्याजावर ठेवलेली रक्कम महागाईनं आणि युद्धांनी कधीच खाऊन टाकली असती. जमीन आणि झाडं टिकली. आता त्या लाकडाच्या उत्पन्नाला पर्यटकांच्या तिकिटांची जोड मिळाली आहे.