फुंकरीची काच

बर्फ शून्य अंशाला वितळतो आणि त्याचं पाणी होतं. काचेला असा ठरावीक बिंदूच नाही. ती तापेल तशी हळूहळू मऊ होते, निवेल तशी हळूहळू घट्ट होत जाते. फुंकून काच घडवण्याची सगळी विद्या या एका गुणावर उभी आहे. काच पाण्यासारखी एका क्षणी गोठली असती, तर तिला आकार द्यायला माणसाला वेळच मिळाला नसता.

काच म्हणजे मूळची वाळू. नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. सोडा मिसळला की पुष्कळ कमी उष्णतेवर भागतं. पण वाळू आणि सोडा एवढ्याचीच काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनाही हवा. भट्टीत हजार-अकराशे अंशांना हा रस काकवीसारखा दाट असतो. कारागीर हातभर नव्हे, चांगली दीड मीटर लांबीची पोकळ लोखंडी नळी त्यात बुडवून फिरवतो आणि टोकाला लालबुंद गोळा गुंडाळून घेतो. तो लोखंडी पाटावर लोळवून सारखा करायचा, मग नळीत एक छोटी फुंकर घालायची आणि लगेच तोंडावर अंगठा दाबायचा. कोंडलेली हवा आतल्या उष्णतेनं आपणहून प्रसरण पावते आणि गोळ्याच्या पोटात बुडबुडा उमटतो. गाल फुगवून जोर लावण्याचं हे काम नव्हेच!

त्यापुढचं तर मला आजही अद्भुत वाटतं. बुडबुड्याची भिंत जिथं पातळ होते, तिथं ती लवकर निवते, घट्ट होते आणि ताणायची थांबते. जाड भाग अजून गरम असतो, म्हणून पुढची फुंकर त्यालाच फुगवते. म्हणजे भिंतीची जाडी सारखी करायला काच स्वतःच हातभार लावते. कारागिरानं मात्र नळी फिरवत राहायला हवं. हात थांबला की मऊ काच ओघळते. दुसऱ्या हातात बऱ्याचदा ओल्या वर्तमानपत्राची जाड घडी असते. तळहातावर ती धरून तो धगधगती काच थेट गोलाईत आणतो. कागदातून उठणारी वाफ काच आणि हात यांच्यामध्ये राहते.

भांड्याचं तोंड उघडायचं तर नळी सोडवावी लागते. त्यासाठी बुडाला दुसरी भरीव कांब चिकटवतात, नळीजवळच्या मानेवर पाण्याचा थेंब टाकून ती तडकवतात आणि तोंड पुन्हा तापवून रुंद करतात. शेवटी भांडं पाचशे अंशांच्या आसपासच्या भट्टीत ठेवून सावकाश निववतात. बाहेरचा थर आधी आणि आतला मागाहून थंड झाला, तर आत ताण अडकतो आणि वरून धड दिसणारं भांडं पुढे केव्हाही तडकतं.

माणसाला काच ठाऊक होती ती फुंकरीच्या कितीतरी आधीपासून. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी १५०० च्या सुमारास मातीच्या गाभ्यावर काच चढवून लहान कुप्या करत; ते काम वेळखाऊ आणि महागडं होतं. फुंकणं सुचलं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर. जेरुसलेमच्या उत्खननात त्या काळच्या फुंकून फुगवलेल्या काचनळ्यांचे तुकडे सापडले आहेत. थोड्याच काळात रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, असं भूगोलकार स्ट्रॅबोनं नोंदवलं. राजेरजवाड्यांची चीज सामान्यांच्या घरात आली ती या फुंकरीमुळे.

आपल्याकडे तर उलट पैशातूनच काच उभी राहिली. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून माणशी दरसाल एक पैसा असा पैसा फंड जमला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं आणि १९०८ च्या सुमारास तळेगावला काच कारखाना सुरू झाला. पुढे कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रात घरोघरी पोचला.

२०२३ मध्ये युनेस्कोनं हातानं काच घडवण्याच्या कौशल्याला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिलं. प्रस्ताव झेकिया, फिनलंड, फ्रान्स, जर्मनी, हंगेरी आणि स्पेन यांचा होता.

जुन्या बाजारात एखादी अत्तरदाणी किंवा सुरई हाती आली, तर ती उलटी करून बूड नीट पाहा. मधोमध खडबडीत व्रण दिसला, किंवा तो घासून काढल्याची उथळ खळी दिसली, तर बहुधा तिथंच ती भरीव कांब चिकटवलेली होती.